काम घरीं जातें तेव्हां

इ. स. २०२० च्या मार्च महिन्याच्या अखेरीस आपल्या देशांतील कचेऱ्यांना कुलुपें लागलीं आणि ज्यांचें काम कागदावर अथवा संगणकावर चालतें असे लक्षावधि लोक घरांतील मेजापाशीं, मेज नसल्यास पलंगाच्या कडेवर बसून चाकरी करूं लागले. मनुष्याच्या इतिहासांत ही गोष्ट प्रथमच घडत आहे, असें त्या दिवसांत पुष्कळांनीं बोलून दाखविलें. ज्याचें आयुष्य मुलांना इतिहास शिकविण्यांत गेलें त्याला हें ऐकून थोडें हसूं आल्यावांचून राहिलें नाहीं. घरीं बसून दुसऱ्याचें काम करणें ही नवी गोष्ट नव्हे. सर्वांनीं रोज सकाळीं घर सोडून एका छपराखालीं जमावें, हीच त्या मानानें कालपरवांची रीति आहे. माणसें डोळ्यांसमोर नसतां त्यांजकडून काम कसें करवून घ्यावें, हा आज अनेक कंपन्यांपुढें पडलेला प्रश्न जुनाच आहे. त्याचीं उत्तरेंहि जुनीं आहेत. त्यांतील कांहीं शहाणपणाचीं आहेत, कांहीं क्रूर आहेत. आज दोन्ही प्रकारचीं उत्तरें आपणांपुढें ठेवावयाचीं आहेत.

प्रथम छपराविषयीं. रिचर्ड आर्कराइट यानें इंग्लंडांत क्रॉमफर्ड येथें १७७१ सालीं पाण्याच्या बळावर चालणारी सूतगिरणी उभारण्यास घेतली, तेथून कारखान्याचें युग मोजण्याचा प्रघात आहे. तोंवर सूत घरींच कातलें जाई व कापड घरींच विणलें जाई. व्यापारी लोकर अथवा कापूस घरोघर देऊन जाई आणि तयार माल घेऊन जाई. पाणचक्की घरोघर नेतां येत नव्हती म्हणून माणसांना तिच्याकडे जावें लागलें, हें एक कारण झालें. दुसरें कारण इतकें उघडपणें कोणी सांगत नाहीं. घरीं दिलेल्या मालाची चोरी होते, काम वेळेवर येत नाहीं, अशी व्यापाऱ्यांची नित्य ओरड असे. ती इतकी वाढली कीं, १७७७ सालीं पार्लमेंटानें लोकरीच्या धंद्यासाठीं एक कायदा केला, आणि सूत दडविणाऱ्या कामकऱ्यांना शोधून काढण्यासाठीं निरीक्षक नेमले गेले. कामकऱ्याचें घर हेंच अशा रीतीनें संशयाचें स्थान झालें. कारखान्याच्या भिंतींनीं हा संशय मिटविला असें नाहीं; तो घड्याळांत आणि मुकादमांत नेऊन ठेवला.

आपल्याकडे कावसजी दावर यांनीं मुंबईस पहिली सूतगिरणी १८५४ सालीं काढली. पुढें कोंकणांतून आणि देशावरून आलेल्या माणसांचें सारें जीवित भोंग्याच्या तालावर चालूं लागलें. आठवड्यांतून एक दिवस सुटी असावी, एवढ्या एका गोष्टीसाठीं नारायण मेघाजी लोखंडे यांना कित्येक वर्षें झटावें लागलें. ती रविवारची सुटी १० जून १८९० पासून मिळूं लागली. आणि घड्याळाचा अभिमान तरी केवढा! १९०६ सालीं साऱ्या देशाची प्रमाणवेळ ठरली, तरी मुंबईच्या नगरपालिकेनें सुमारे ३९ मिनिटें मागें असलेली आपली मुंबईची वेळ १९५५ पर्यंत सोडली नाहीं. असो.

आतां त्या कंपनीकडे वळूं, जिचें नांव आपल्या देशांत नुसतें 'कंपनी' म्हटलें कीं पुरें होत असे. ईस्ट इंडिया कंपनीस ३१ डिसेंबर १६०० रोजीं सनद मिळाली. तिचे संचालक पुढें लंडनच्या लेडनहॉल स्ट्रीटवर बसत. तिचे नोकर सुरतेस, मुंबईस, मद्रासेस आणि कलकत्त्यास असत. आफ्रिकेला वळसा घालून येणाऱ्या शिडाच्या जहाजाला पांचसहा महिने सहज लागत. म्हणजे मुंबईकरांनीं प्रश्न विचारावा आणि वर्षभरानें उत्तर यावें, असा हा कारभार. संचालकांना आपला नोकर दिसत नव्हता, त्याचा आवाज ऐकूं येत नव्हता. तेव्हां त्यांनीं लेखणीचा आश्रय केला. प्रत्येक ठाण्याच्या मंडळानें आपल्या बैठकींची नोंद ठेवावी, कोणता निर्णय कां केला आणि कोणाचें मत विरुद्ध पडलें तें तींत लिहावें, व तिच्या नकला विलायतेस धाडाव्या, असा दंडक होता. जहाज बुडण्याचें भय असल्यामुळें एकाच पत्राच्या प्रती निरनिराळ्या जहाजांनीं रवाना होत. पत्रांतील कलमांना क्रमवार उत्तर देण्याची पद्धति होती. जॉन स्टुअर्ट मिल हा सुप्रसिद्ध तत्त्वज्ञ १८२३ पासून १८५८ पर्यंत कंपनीच्या लंडनच्या कचेरींत होता. हिंदुस्थानास जाणाऱ्या खलित्यांचे मसुदे लिहिण्यांत त्याचीं पस्तीस वर्षें गेलीं, आणि हिंदुस्थान त्यानें एकदांहि पाहिला नाहीं. परराज्याचें कौतुक करण्याचें मला कारण नाहीं. पण निर्णयाबरोबर त्याचें कारणहि लिहून ठेवावें, ही त्यांची संवय मोठी दूरदृष्टीची होती, हें कबूल केलें पाहिजे. आज वेगवेगळ्या गांवीं बसून काम करणाऱ्या मंडळींचा घोटाळा होतो तो बहुधा येथेंच होतो. निर्णय सर्वांना कळतो; त्याचें कारण कचेरींत हजर असलेल्या चौघांनाच ठाऊक असतें.

तथापि नोंदींनीं सारें भागलें नाहीं. कंपनीचा नवशिका कारकून नांवापुरत्या पगारावर यावयाचा. वर्षास अवघे पांच पौंड हा त्याचा प्रसिद्ध आंकडा आहे. एवढ्यावर कोणी साता समुद्रापलीकडे येत नाहीं. तो येई तो खासगी व्यापाराच्या आशेनें. संचालक कागदावर सदाचाराचा उपदेश करीत आणि नोकर दुसऱ्या हातानें आपलें घर भरीत. १७८६ सालीं कॉर्नवॉलिस आला, त्यानें कलेक्टरास दरमहा १५०० रुपये पगार आणि वसुलावर कांहीं दलाली ठरविली, आणि खासगी व्यापार बंद केला. तेव्हां कोठें या रोगास उतार पडूं लागला. दूरच्या माणसास पोटापुरतें द्यावयाचें नाहीं आणि वर त्याच्यावर विश्वास नाहीं म्हणून रडावयाचें, हा प्रकार कंपनीनें दीडशें वर्षांहून अधिक काळ चालविला.

पण हे झाले कंपनीचे गोरे नोकर. तिचे खरे विखुरलेले कामकरी होते ते विणकर. प्रथम देशी व्यापाऱ्यांच्या हातून विणकरांना आगाऊ रक्कम दिली जाई. तिला दादनी म्हणत. १७५३ सालीं बंगाल्यांत कंपनीनें हे व्यापारी दूर केले आणि आपले पगारी गुमास्ते नेमले. चार वर्षांनीं प्लासीची लढाई झाली व या गुमास्त्यांच्या पाठीशीं राजसत्ता उभी राहिली. मग विणकराची संमति विचारण्याचें कारण उरलें नाहीं. आगाऊ रक्कम त्याच्या पदरांत बळेंच टाकावी, कापडाची किंमत गुमास्त्यानें ठरवावी, कापड हलकें कीं भारी हेंहि गुमास्त्यानेंच ठरवावें, आणि दुसऱ्यास विकलें तर फटके मारावे! विल्यम बोल्ट्स यानें १७७२ सालीं हा प्रकार ग्रंथांत उघड केला. रेशीम उकलणाऱ्यांनीं या सक्तींतून सुटण्यासाठीं आपले आंगठे आपणच तोडून घेतले, असें त्यानें लिहिलें आहे. बोल्ट्स हा कंपनीशीं वैर झालेला माणूस होता व त्याच्या लेखणीला रागाची धार होती, म्हणून त्याचा प्रत्येक शब्द पुरावा मानतां येणार नाहीं. परंतु सत्ता, किंमत आणि पारख या तिन्ही गोष्टी एकाच हातांत गेल्या होत्या, याविषयीं मतभेद नाहीं. त्याच कंपनीनें गोऱ्या नोकराकडे निर्णयाचें लेखी कारण मागितलें. विणकराला मात्र नकाराचें कारण विचारण्याचीहि सोय ठेवली नाहीं.

ही दूर बंगाल्यांतली आणि जुन्या काळांतली गोष्ट म्हणून सोडून द्यावी, तर आपल्याच सिन्नर, संगमनेर आणि सोलापुराकडे दृष्टि जाते. या गांवांतील विडीचा धंदा कित्येक पिढ्या घरोघर चालत आला. बायांनीं पानें, तंबाखू आणि दोरा मोजून घरीं न्यावा, आणि विड्यांचे कट्टे बांधून आणून द्यावे. हिशेब हजारावर. ऐकावयास हें फार सोयीचें वाटतें. चूल, मूल सांभाळून चार पैसे मिळतात. पण पान किडकें अथवा फाटकें निघालें तर हजार विड्या त्यांत बसत नाहींत. तूट बाईनें पदरच्या पैशानें पान विकत घेऊन भरून काढावयाची. दिवा तिचा, जागा तिची, तंबाखूची धूळ तिच्या व तिच्या लेंकरांच्या छातींत. आणि आणलेल्या विड्यांतून ठेकेदार जी बाजूला काढी तिला म्हणत छाट. छाटीचे पैसे नाहींत. ती विडी परत मिळेल अशीहि खात्री नाहीं.

१९६६ सालीं विडी व सिगार कामगारांसाठीं जो कायदा झाला त्यानें घरीं विडी वळणारणीला प्रथमच कामगार म्हणून ओळखलें, आणि त्याखालील नियमांत छाट सामान्यतः शेंकडा पांचांहून अधिक असूं नये, असें घालून देण्यांत आलें. एवढा एक आंकडा मिळण्यास स्वराज्य येऊनहि जवळजवळ वीस वर्षें जावीं लागलीं! त्याच्याहि पुढें एक महत्त्वाची गोष्ट घडली. भविष्यनिर्वाह निधीचा वाद सर्वोच्च न्यायालयापुढें गेला तेव्हां कारखानदारांचें म्हणणें असें कीं, हीं माणसें आपल्या घरीं, आपल्या वेळेप्रमाणें काम करतात. आम्ही त्यांच्यावर देखरेख करीत नाहीं. तेव्हां तीं आमचे नोकर कशीं? १९८५ सालीं न्यायालयानें निर्णय दिला कीं, माल नाकारण्याचा अधिकार तुमच्या हातांत आहे, आणि तो अधिकार हीच पुरेशी देखरेख होय. मास्तर मुलांना घरचा अभ्यास देतो तेव्हां त्यांच्या घरीं जाऊन बसत नाहीं. दुसऱ्या दिवशीं वही तपासतो. तेवढ्यानें तो मास्तर राहावयाचा थांबतो काय? मला वाटतें, काम घरीं पाठविणाऱ्या प्रत्येक कंपनीनें हा निकाल समजून घ्यावा. काम छपराबाहेर गेलें म्हणून जबाबदारी छपराबाहेर जात नाहीं.

हेंच काम, म्हणजे बायकांनीं घरीं बसून हातानें करावयाचें काम, निराळ्या रीतीनेंहि चालूं शकतें, हें मुंबईच्या गिरगांवांत सिद्ध झालें. १५ मार्च १९५९ रोजीं एका जुन्या इमारतीच्या गच्चीवर जसवंतीबेन पोपट आणि त्यांच्या सहा शेजारणी पापड लाटावयास बसल्या. भांडवल ८० रुपये. तेंहि समाजसेवक छगनलाल करमसी पारेख यांजकडून उसनें घेतलेलें. पहिल्या दिवशीं चार पुडे झाले. देणगी म्हणून कोणाकडून कांहीं घ्यावयाचें नाहीं, तोटा आला तरी नाहीं, असें त्यांनीं प्रारंभींच ठरविलें. पहिल्या पावसाळ्यांत पापड वाळेनात म्हणून काम चार महिने बंद पडलें. दुसऱ्या वर्षीं त्यांनीं एक खाट आणि एक शेगडी आणली. खाटेवर पापड, खालीं शेगडी, आणि काम चालू. तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस बायांची संख्या तीनशेंवर गेली.

आतां गच्ची पुरेना. येथें या मंडळींपुढें तोच प्रश्न उभा राहिला जो आर्कराइटापुढें होता, आणि त्यांनीं त्याचें उलट उत्तर दिलें. मोठी इमारत बांधून बायांना तींत आणण्याऐवजीं कणीक बायांच्या घरीं पाठविली. परंतु सारेंच काम घरीं पाठविलें नाहीं, हें नीट ध्यानांत घेतलें पाहिजे. पीठ, हिंग, मिरीं संस्थेनें एकत्र विकत घ्यावीं. मळणी शाखेंत, ठराविक प्रमाणानें व्हावी. केवळ लाटणें आणि वाळविणें घरीं. ज्या गोष्टीवर चव अवलंबून ती एका ठिकाणीं ठेवली, जी हाताच्या संवयीवर अवलंबून ती सोडून दिली. नवी बाई यावयाची असली तर तिचें घर आधीं पाहून येत: स्वच्छ आहे काय, पापड वाळविण्यापुरती जागा आहे काय. जागा नसेल तर तिला घालवून देत नसत. शाखेंतील मळण्याचें अथवा बांधणीचें काम मिळे. रोज सकाळीं कालचे पापड आणावयाचे, ते तोलले जावयाचे, पारख व्हावयाची, त्याच दिवशीं लाटणावळ हातांत पडावयाची आणि नवी कणीक घेऊन घरीं जावयाचें. मजुरी महिनाभर कोणाच्या वहींत अडकून राहत नाहीं. आणि मुख्य गोष्ट अशी कीं, पारख करणारीहि लाटणारींतूनच पुढें आलेली. शाखेची संचालिका सभासद बहिणींतूनच निवडली जाते, सभासद होण्याचा अधिकार बायांनाच, हिशेब सर्वांना खुला आणि नफा तोटा सर्वांचा. बंगाल्यांतील गुमास्त्याच्या हातीं ज्या तीन गोष्टी एकवटल्या होत्या, त्या येथें वाटून दिल्या गेल्या.

श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड या नांवानें ही संस्था १९६६ सालीं नोंदविली गेली. जसवंतीबेन यांना २०२१ सालीं पद्मश्री मिळाली, तेव्हां संस्थेंतील बहिणींची संख्या चाळीस हजारांच्या पुढें गेलेली होती. यावर कोणी म्हणेल कीं, पापडाची गोष्ट निराळी. पापड तोलतां येतो, बुद्धीचें काम कसें तोलावें? हा आक्षेप रास्त आहे, म्हणून एक विलायती उदाहरण सांगतों.

व्हेरा बुखथाल नांवाची एक ज्यू मुलगी १९३९ सालीं, वयाच्या सहाव्या वर्षीं, नाझींच्या तावडींतून सुटून निर्वासित मुलांच्या आगगाडीनें इंग्लंडांत पोंचली. पुढें ती स्टेफनी शर्ली झाली, पोस्टखात्याच्या संशोधनशाळेंत गणित आणि संगणक शिकली, आणि बाई म्हणून पुढची वाट बंद आहे असें दिसून आल्यावर १९६२ सालीं तिनें सहा पौंड भांडवलावर आपलीच कंपनी काढली. लग्न आणि मुलें झाल्यामुळें ज्यांना नोकरी सोडावी लागली अशा संगणकतज्ज्ञ बायांना घरीं काम द्यावयाचें, ही तिची कल्पना. स्टेफनी म्हणून सही केलेल्या पत्रांना उत्तरेंच येत नसत. नवऱ्याच्या सूचनेवरून तिनें 'स्टीव्ह' अशी सही करण्यास आरंभ केला, तेव्हां दारें उघडूं लागलीं! गिऱ्हाइकाचा टेलिफोन आला म्हणजे ती टंकलेखनयंत्राच्या खडखडाटाची ध्वनिफीत लावी. पाठीमागें तान्ह्या मुलाचें रडणें ऐकूं जाऊं नये म्हणून.

या बाया जेवणाच्या मेजावर पेन्सिलीनें कागदावर आज्ञावली लिहीत, ती टपालानें पाठवीत; दुसरीकडे ती पट्टीवर अथवा पत्त्यांवर छिद्रांच्या रूपानें उतरविली जाई, आणि पडताळ्यासाठीं पुन्हा एकदां उतरविली जाई. शर्लीबाईंनीं आणखी एक धाडस केलें. किती तास लागले याचा हिशेब न लावतां संपूर्ण कामाची एकच किंमत त्या आधीं सांगत. त्यामुळें कोण किती वाजतां बसलें, कोणीं मधें उठून मुलाला जेवूं घातलें, हा प्रश्न विचारण्याचें गिऱ्हाइकास कारणच उरलें नाहीं. पण त्यासाठीं काम हातीं घेण्यापूर्वीं तें किती, कसें आणि केव्हां पुरें झालें असें मानावयाचें, हें आधीं बारकाईनें लिहून काढावें लागे. बुद्धीचें काम तोलतां येतें तें असें. कॉन्कॉर्ड या विमानाच्या उड्डाणनोंदींच्या पेटीची आज्ञावली या घरबसल्या बायांनीं लिहिली. पहिल्या तीनशें माणसांत पुरुष अवघे तीन होते. १९७५ सालीं स्त्रीपुरुष भेदाविरुद्ध कायदा झाला आणि गंमत अशी कीं, त्या कायद्यानें या कंपनीलाच पुरुष घेणें भाग पडलें. पुढें शर्लीबाईंनीं कंपनीचा जवळजवळ चौथा हिस्सा आपल्या पदरचा काढून नोकरांना दिला.

यानंतरचा इतिहास लवकर आटपतों. १९७३ च्या तेलटंचाईच्या सुमारास अमेरिकेंतील जॅक नाइल्स या संशोधकानें, माणसें कामाकडे नेण्याऐवजीं काम माणसांकडे तारेनें न्यावें, ही कल्पना मांडली व तिला नांव दिलें. लॉस एंजेलिसच्या एका विमाकंपनींत त्यानें प्रयोगहि केला. नोकरांना घराजवळच्या लहान कचेऱ्यांत बसविलें. काम वाढलें, नोकरी सोडून जाणारे कमी झाले, आणि तरी कंपनीनें प्रयोग गुंडाळून ठेवला. त्यापुढें चाळीस वर्षें यंत्रें सुधारत गेलीं; मालकांचें मन तेथल्या तेथेंच राहिलें.

त्या मनाचा खरा कस लावणारा प्रयोग शांघाय येथें झाला. २०१० च्या अखेरीस तेथील सीट्रिप या प्रवासकंपनीनें टेलिफोनवर गिऱ्हाइकांशीं बोलणाऱ्या, आणि घरीं काम करण्यास राजी असलेल्या नोकरांचे दोन गट पाडले. ज्यांची जन्मतारीख सम ते आठवड्यांतून चार दिवस घरीं, ज्यांची विषम ते कचेरींतच. घरीं जाणाऱ्यास स्वतंत्र खोली असली पाहिजे, अशी अट होती. लिज्जतच्या बाया घर पाहून येत तसेंच हें. नऊ महिन्यांनीं हिशेब केला तेव्हां घरच्यांचें काम शेंकडा १३ अधिक भरलें, आणि नोकरी सोडणाऱ्यांचें प्रमाण निम्म्यावर आलें. पण त्याच अभ्यासांत दुसऱ्याहि दोन गोष्टी आढळल्या, त्या कोणी फारशा सांगत नाहींत. सारखेंच काम करूनहि घरच्यांना बढती कमी मिळाली. दृष्टीआड सृष्टि, दुसरें काय! आणि प्रयोग संपल्यावर, पाहिजे तर घरीं राहा असें सांगितलें असतां, घरीं पाठविलेल्यांपैकीं जवळजवळ निम्मे लोक एकटेपणाला कंटाळून कचेरींत परत आले. लिज्जतच्या बाईला रोज सकाळीं शाखेंत जावें लागतें, तें केवळ पापड तोलण्यापुरतें नसावें, असें माझ्या मनांत येतें.

या पार्श्वभूमीवर २०२० सालीं सारें जग एका आठवड्यांत घरीं गेलें. आपल्याकडे नोव्हेंबर २०२० मध्यें दूरसंचार खात्यानें अशा कंपन्यांवरील नोंदणीचीं व बँकहमीचीं जाचक बंधनें काढून टाकलीं. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या मोठ्या कंपनीनें तर २०२० च्या एप्रिलांतच जाहीर केलें कीं, २०२५ पर्यंत एका वेळीं शेंकडा २५ हून अधिक नोकरांनीं कचेरींत येण्याची गरज राहणार नाहीं; आणि २०२३ च्या ऑक्टोबरापासून त्याच कंपनीनें आठवड्याचे पांचहि दिवस सर्वांना कचेरींत बोलाविलें. दोन्ही निर्णय मला सारखेच घाईचे वाटतात. मधल्या काळांत कित्येक ठिकाणीं नोकराच्या संगणकावर पाळत ठेवणारे उपाय निघाले. कळा किती दाबल्या, पडद्यापुढें किती वेळ बसला, याची मोजदाद होऊं लागली. हा १७७७ चा सूत शोधणारा निरीक्षकच नव्या वेषांत आला. आमच्या व्यवसायांत एकशिक्षकी शाळेच्या मास्तराला हा अनुभव जुना आहे. तालुक्यापासून दहा कोस दूर तो एकटा. मुलांना वाचतां येतें कीं नाहीं हें सोडून त्याच्याकडे माहितीचे तक्ते मागितले जातात, आणि तक्ते भरण्यांत वाचनाचा तास जातो. ज्याला काम मोजतां येत नाहीं तो हालचाल मोजूं लागतो.

शिवाय विडीवाल्या बाईचा दिवा आणि आजच्या तरुणाचें वीजबिल यांत मला फार अंतर दिसत नाहीं. कचेरीचें भाडें, दिवे, थंड हवा, चहा, खुर्ची, हा सारा खर्च २०२० सालीं एका रात्रींत घरोघर वांटला गेला. कांहीं कंपन्यांनीं खुर्चीमेजासाठीं रक्कम दिली, पुष्कळांनीं दिली नाहीं. दोन खोल्यांच्या घरांत सासू, नवरा, शाळा बंद असलेलीं दोन मुलें आणि मधें कामावर बसलेली सून, हें चित्र अनेक श्रोत्यांनीं स्वतः पाहिलें असेल. तिची स्वतंत्र खोली कोणी पाहून गेलें नव्हतें.

शांघायची ती कंपनी, जिचें नांव आतां ट्रिप डॉट कॉम झालें आहे, तिनें २०२१-२२ मध्यें पुन्हा एक प्रयोग केला. त्याचा वृत्तान्त २०२४ सालीं प्रसिद्ध झाला. या वेळीं टेलिफोनवरचे लोक नव्हते. अभियंते, हिशेबनीस, व्यापारविभागाचे लोक, असे १६१२ नोकर होते. पुन्हा जन्मतारखेवरून दोन गट. एका गटानें आठवड्यांतील दोन दिवस घरीं काम करावें, तीन दिवस सर्वांनीं एकत्र यावें. सहा महिन्यांत नोकरी सोडणाऱ्यांचें प्रमाण एकतृतीयांशानें घटलें; बायांमध्यें आणि ज्यांचें घर दूर त्यांच्यामध्यें तें विशेष घटलें. कामाच्या मूल्यमापनांत किंवा बढतींत या वेळीं दोन्ही गटांत फरक आढळला नाहीं. प्रारंभीं वरिष्ठांना विचारलें होतें, तेव्हां त्यांचा सरासरी अंदाज असा कीं, अशानें काम शेंकडा २.६ नें घटेल. अखेरीस त्यांनाच पुन्हा विचारलें, तेव्हां तें शेंकडा १ नें वाढतें असें त्यांचें मत पडलें, आणि कंपनीनें आपल्या इतर नोकरांनाहि हे दोन दिवस देऊं केले.